आमचं गाढव मालवीच बोलणार

मंडळी, आज देवासहून खास इंदूरला जाऊन आपल्या लाडक्या युरोपियन कॉमिकवरचा सिनेमा बघितला.

अख्ख्या सिनेमात नायकाचं गाढव एक शब्द बोललं नाही! परतीच्या बसमधून मी चिडून इथे ग्रुपवर लिहिलं, "गाढवाचे मालवी डायलॉग कुठे गेले?"

तुम्ही पोट धरून हसलात. एका भियांनी तर मूळ पुस्तकाची पानंच टाकली. गाढव खरंच मुकं! वर सुनावलं, "मॅडम, आप असली फॅन नहीं हो."

घरी येऊन बाबांना जाब विचारला. लहानपणी जेवताना तेच मला ते इंग्रजी कॉमिक मराठीत वाचून दाखवायचे, आणि त्यातलं गाढव पानोपानी आमच्या माळव्याच्या बोलीत म्हणायचं, "भिया, पेले रोटी खई लो!" म्हणजे, भाऊ, आधी पोळी खाऊन घे!

बाबा म्हणाले, "अगं, गाढवानं म्हटल्याशिवाय तू घासच घेत नव्हतीस."

तर असली फॅनहो, तुमचं मुकं गाढव तुम्हाला लखलाभ असो. आत्ताच माझ्या लेकीला तेच कॉमिक वाचून दाखवलं. गाढव भरपूर बोललं आणि तिची पोळी संपली.

आता खरं सांगा, पुस्तकात न बोलणारं कोण तुमच्या घरी बोलायचं?