पकडलेला रेडिओ आणि दहा मिनिटं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. अभय, संतोष आणि मी आजही फोनवर भेटलो की तब्येतीचं दोन मिनिटांत उरकतं. मग कुणीतरी म्हणतं, "तो रेडिओचा आठवतो का?" झालं! तासभर हसतो. फोन ठेवल्यावर मात्र घर फार गप्प वाटतं. चौथा, प्रफुल्ल, जर्मनीत आहे. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, तेवढंच. खरं सांगते, मला ते रविवार परत हवेत.

आधी खेळ सांगते. आम्ही चौघं एकाच आयटी कंपनीत टेस्टिंगला होतो. रविवारी सकाळी ऑनलाइन जमायचो. इंटरनेटवरचं एक खोटं शहर, त्यात प्रत्येकानं एक माणूस व्हायचं आणि हेडफोन लावून त्याच्यासारखं बोलायचं. आम्ही तिघं स्मगलर, प्रफुल्ल पोलीस. टोळीकडे रेडिओ असायचे. एखादा पकडला गेला की त्याचा रेडिओ पोलिसाच्या हातात, आणि आमची सगळी खलबतं त्याच्या कानात! त्यावरून इतकी भांडणं व्हायची की शेवटी नियम करावे लागले.

नियम करणार अभय. पक्का नारायण पेठेतला. खेळ ज्यावर चालायचा तो सर्व्हर त्याचा, आणि टोळीचा म्होरक्याही तोच.

"चोरच जज हाये इथं!" प्रफुल्ल म्हणायचा. तो यवतमाळचा.

---

सुरुवातीला घरी ब्रॉडबँड नव्हतं, म्हणून नारायण पेठेतल्या एका सायबर कॅफेत ओळीनं बसून खेळायचो. एकदा प्रफुल्लनं संतोषला पकडलं. हात बांधले, रेडिओ काढून घेतला. संतोष धायरीचा, आवाज शेताच्या बांधावरचा. तो खुर्चीतून उठून ओरडला, "आरं, मला धरलंय! रेडिओवर बोलू नगा!"

सगळा कॅफे वळून बघायला लागला. शेजारच्याच खुर्चीवरच्या अभयनं मान वर केली नाही.

"आपल्याला पकडलंय ना? मग आपण इथं नाही आहात. नसलेल्या माणसानं ओरडू नये."

हा पहिला नियम. पुढच्या रविवारी अभयनं तो छापूनच आणला, खाली आणखी एक ओळ टाकून: "शेजारी बसला असल्यास मुळीच नाही."

---

मग एकदा खुद्द अभयच सापडला. प्रफुल्ल खूश! त्यानं अभयचा रेडिओ घेतला, घसा साफ केला आणि अस्सल पुणेरी आवाज काढला, "मंडळी, कृपया सगळ्यांनी गोदामात या."

कानावर हेडफोन, मी निघालेसुद्धा होते. तेवढ्यात संतोष किंचाळला, "पळा! अभ्या कृपया म्हणला!"

दुसरा नियम त्याच दिवशी झाला. पकडणाऱ्यानं फक्त ऐकावं, बोलू नये.

---

पुढे घरोघरी ब्रॉडबँड आलं आणि घरूनच खेळायला लागलो. आम्हीही हुशार झालो. कुणी हाकेला उत्तर दिलं नाही की तो पकडला गेला असं समजून चॅनल बदलून टाकायचं!

एका रविवारी संतोषच्या म्हशीनं दावं तोडलं आणि तो हेडफोन टाकून धावला. अभयला वाटलं, गेला. त्यानं चॅनल बदललं. हा पठ्ठ्या परत आला आणि जुन्याच चॅनलवर अर्धा तास बोलत बसला. माल कुठे ठेवलाय, गाडी कुठली, सगळं! आणि चॅनल बदलण्याआधीच मला पकडून माझा रेडिओ घेतलेला प्रफुल्ल तिकडे मन लावून ऐकत होता.

"तुला एकदाही शंका आली नाही?" अभयनं विचारलं.

"मला वाटलं, आज पयल्यांदा समदी माझं ऐकून घेत्यात!"

---

आमच्या आईचा किस्सा तर विचारूच नका. प्रफुल्लकडे संतोषचा रेडिओ होता, आणि माझ्या रेडिओचं बोलायचं बटण चुकून दाबलेलं राहिलं. मागून आईचा आवाज, "वैशू, पोहे गार झाले! किती वेळ त्या डबड्यासमोर बसणारेस?"

मग प्रफुल्ल म्हणाला, "काकू, झाकून ठेवा, मी येतो!"

दुसरा नियम मोडला म्हणून अभयनं त्याला अर्धा तास खेळातल्या तुरुंगात टाकलं. तो तसाच कॉम्प्युटर चालू ठेवून बसनं शनिवार पेठेत आमच्याकडे आला आणि दोन बशा पोहे खाऊन गेला. लिंबू पिळताना म्हणाला, "जन्मठेप देली असती तरी आलो असतो."

---

पकडलेला रेडिओ किती वेळ ठेवायचा, यावर सर्वांत मोठं भांडण झालं. अभय म्हणाला, दहा मिनिटं. स्टॉपवॉच त्याच्याकडे. प्रफुल्ल हटून बसला.

"दहा मिन्टांत काय होते बे? मले माल पकडायचाच नाही. मले फक्त ऐकू द्या नं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा रेडिओ घ्यायचा, पण छापा कधी टाकायचाच नाही! आम्ही उरलेले दोघं मिसळीवरून भांडायचो, आयांबद्दल कुरकुरायचो, आणि तो ऐकत बसायचा. त्याच्या फ्लॅटवर तीन शिफ्टचे तीन जण, एकमेकांची झोपलेली तोंडं तेवढी पाहिलेले. यवतमाळची आठवण यायची त्याला. मला फार वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून मी रेडिओवर जरा जास्तच बोलायला लागले.

नियम मात्र झालाच. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. अभय सेकंद मोजायचा.

---

प्रफुल्लचं ऑनसाइट आलं, म्हणजे कंपनीच्या कामासाठी थेट जर्मनी. शुक्रवारचं विमान. त्याआधीच्या रविवारी संतोष सरळ चालत गेला आणि पोलीस चौकीसमोर हात वर करून उभा राहिला. रेडिओ प्रफुल्लकडे गेला. आता त्याला फक्त ऐकता येणार होतं.

मी बटण दाबलं.

"प्रफुल्ल, ऐकतोयस ना? बोलू नकोस, नियम आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. ऑफिसात तोंडावर सांगायला तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा बग रिपोर्ट देऊन परत गेले. मला तू आवडतोस. आई रविवारी अजून चार मुठी पोहे जास्त भिजवते, तिला मी काय सांगू?"

पलीकडून मध्येच बटण दाबल्याचा खट् आवाज यायचा आणि बंद व्हायचा. मी बोलत राहिले. काय काय बोलले, देव जाणे. घड्याळात पाहिलं तर चाळीस मिनिटं होऊन गेली होती. अभयही याच चॅनलवर आहे हे तेव्हा कुठे आठवलं, आणि कान तापले.

"अभय," मी कशीबशी म्हणाले, "दहा मिनिटं झाली असतील ना रे?"

"दहा?" अभय नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला. "चारच झालीत अजून. बोल तू."