मिठीची उलटतपासणी

आप्पांना कोणी मिठी मारली की त्यांचा डावा हात आधी सदऱ्याच्या खिशावर जायचा. खिशात फार तर चष्म्याचं घर असायचं, पण हात जायचाच. समोरचा माणूस गळ्यात पडलेला आणि आप्पा खिसा दाबून ताठ उभे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. मला कळायला लागल्यापासून त्यांनी कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही.

दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली. एकदा खानापूरकडचे दोघे भाऊ व्हरांड्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, तडजोड झाली म्हणाले. आप्पांचे डोळेही पाणावले. पुढच्या तारखेला त्यातल्याच एकाने नवा दावा लावला. तेव्हापासून आप्पा सांगायचे, "गळ्यात पडत्यात आणि पाठीमागनं वकिलाला खुणा करत्यात." दसऱ्याला आमच्या गल्लीसकट अख्खं खासबाग उराउरी भेटायचं, आमचे आप्पा हात लांब करून आपट्याचं पान द्यायचे आणि म्हणायचे, "सोनं पोचलं. बाकीचं ऱ्हाऊ दे."

आई गेली आणि त्यांचं बी.पी. चढलं ते उतरेना. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळ्या चालूच ठेवा. पण यांना रोज कुणीतरी जवळ घेत जा. मायेच्या स्पर्शानं मन निवतं, झोप लागते, बी.पी.लाही मदत होते." आप्पांनी ते ऐकलंच. रिक्षात म्हणाले, "गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव असतंय. मिठीला जबाबदार कोण?"

माझी मुलगी सई नववीत होती. तिने हे काम अंगावर घेतलं. आप्पांनी अट घातली: पुरावा पाहिजे. मिठीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घरच्या मशीनवर बी.पी. बघायचं. पहिल्या दिवशी ते चक्क वाढलं. आप्पा खूश. "बघितलास? साक्षीदार फुटला." सई म्हणाली, "आज्जा, आधी खिशावरचा हात काढा की."

चार-पाच दिवसांनी आकडा थोडा उतरला, तर त्यांना मशीनचाच संशय आला. मला नवे सेल आणायला लावले. नव्या सेलवरही तेच आलं. मग हळूहळू मशीन कपाटात गेलं आणि आप्पा शाळा सुटायच्या वेळेला दारात येऊन उभे राहू लागले. सई दिसली की विचारायचे, "आज तारीख हाय न्हवं?"

मी हे सगळं लांबून बघत होतो. नोकरीमुळे आठवडाभर निपाणीला असायचो, शनिवारी घरी यायचो. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा, आणि शंकाही यायची. सत्तरी ओलांडलेला माणूस असा एकाएकी का बदलेल?

एका सोमवारी सकाळी मी चपला घालत होतो. आप्पा आतून आले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला आयोडेक्सचा वास येत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय पायजे, आप्पा?"

त्यांनी हात काढून घेतले. "काय न्हाय रं. जा, बस चुकंल."

संकेश्वर येईपर्यंत मी तर्कच करत होतो. घर कुणाच्या नावावर करायचं आहे? डॉक्टरांचा कसला रिपोर्ट लपवलाय? शेवटी न राहवून सईला फोन लावला. आज्जाने कुठल्या कागदावर सही केली का, म्हणून विचारलं.

"काय न्हाय ओ बाबा," ती म्हणाली. "आजची माझी तारीख तुझ्या बाबाला देतो, म्हणालते फक्त."

मला फार लाज वाटली. शनिवारी घरी गेल्या गेल्या आपण होऊन त्यांना जवळ घ्यायचं, असं मी बसमध्येच ठरवलं. गुरुवारी सकाळी चहा पिता पिता आप्पा गेले.

दिवसभर माणसं येत होती. गल्लीतली, कोर्टातली, आईच्या माहेरची. एकेक जण माझ्या गळ्यात पडून रडत होता. सईने हळूच येऊन माझा डावा हात खिशावरून काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला.