सत्तरीतलं स्थळ

आमची कंपनी म्हणजे कोथरूडमधल्या एका सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. मालक धरून आम्ही चौघं. मी अकोल्याहून शिकायला आले होते आणि पहिली नोकरी तिथेच लागली. 'मुलगी आयटीत आहे' म्हटल्यावर गावाकडच्या लोकांना काचेची इमारत दिसायची. मीही ती मोडायला जायची नाही.

माझं पहिलं स्वतंत्र काम एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट. मंडळाच्या बाईंना एकाच पानावर तीन फॉर्म हवे होते: नाव नोंदवायला, स्थळ शोधायला आणि अभिप्राय कळवायला. तिन्ही फॉर्म मी सर्व्हरवरच्या एकाच स्क्रिप्टकडे, म्हणजे आलेली माहिती वाचून पुढचं काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, पाठवले. एकीतच सगळं बसवलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. नाव आणि फोन नंबर आला की नवी नोंदणी समजायची. वधू की वर हे रिकामं असेल तर वर धरायचं, असं मी स्क्रिप्टला लिहून दिलं होतं. अभिप्राय देणाराही नाव आणि फोन नंबर देतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यात मजकुराच्या चौकटीला नोंदणी आणि अभिप्राय या दोन्ही फॉर्ममध्ये मी एकच नाव दिलेलं. म्हणजे कोणी अभिप्राय लिहिला, की तो थेट 'अपेक्षा' या रकान्यात.

साइट सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळीच एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी ऑफिसात आले. मंडळाच्या बाईंनीच त्यांना आमचा पत्ता दिला होता.

"वेबसाइट कोणी केली?"

मालकांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

"काल आम्हाला एका बाईंचा फोन आला," सर म्हणाले. "मुलगा काय करतो, विचारलं. मी सांगितलं, अमेरिकेत इंजिनिअर आहे. दहा मिनिटं छान गप्पा झाल्या. मग त्यांनी पत्रिका मागितली. मी म्हटलं, अहो, त्याला दोन मुलं आहेत! तर माझ्यावरच ओरडल्या, मग नाव कशाला नोंदवलंत म्हणून."

"नाव मुलाचं नाहीच, यांचं आहे," काकू म्हणाल्या. "सायबर कॅफेत जाऊन बघितलं मी. अपेक्षा काय, तर शुद्धलेखनाच्या चुका खपवून घेऊ नयेत. चाळीस वर्षं मी ऐकलं, आता दुसरीला ऐकू दे."

मालक खो खो हसत सुटले. माझे कान मात्र तापले. मी माफी मागितली आणि सरांच्या अभिप्रायाची नोंदणी कशी झाली, तो स्क्रिप्टचा घोळ जमेल तसा समजावून सांगितला.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तिला कागद मिळतो, पण तो कशाबद्दल आहे ते कळत नाही. मग वर विषय लिहा की! अर्जात विषय नसला तर आम्ही एक मार्क कापायचो. तुमचा कोणी कापला नाही वाटतं?"

कापला होता, नववीत.

मी तिथल्या तिथे प्रत्येक फॉर्ममध्ये एक लपलेली चौकट घातली. भरणाऱ्याला ती दिसत नाही, पण बाकीच्या माहितीबरोबर सर्व्हरवर जाते. तिचं नाव ठेवलं 'विषय', आणि आत लिहिलं नोंदणी, शोध किंवा अभिप्राय. आता स्क्रिप्ट आधी विषय वाचणार आणि मग त्याप्रमाणे वागणार. सरांनी शेजारी खुर्ची ओढून तिन्ही फॉर्म स्वतः भरून पाहिले. तिन्ही बरोबर जागी गेले. "उत्तीर्ण," ते म्हणाले. ऑफिसातल्या पहिल्या पगारवाढीनेही मला तेवढा आनंद झाला नव्हता.

जाता जाता ते म्हणाले, "त्या बाईंना फोन करा. त्यांचा हिरमोड झालाय."

मी धास्तावतच फोन लावला आणि सगळी चूक माझी आहे, असं सांगितलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण काय हो, ती दहा मिनिटं माणसं फार चांगली वाटली. अशा घरातलं बिनलग्नाचं कोणी आलं, तर आधी मला कळवा."