मोजणीबाहेरची कॅन

"अ‍ॅव्हरेज काय इचारून राहिल्या ताई? वाळूले अ‍ॅव्हरेज नसते."

अंकुश सोनकुसरे गाडीखाली पालथा होता. बाहेर दिसत होते ते त्याचे दोन पाय अन् एक उलटी पडलेली चप्पल. काजलताई पायांकडे पाहूनच बोलत होती.

"पण काका, काहीतरी धरावंच लागेल ना. रोडवर ही बारा देते."

"रोडवर देते. मऊ वाळूत सहा देईन, धोऱ्यावर, वाळूच्या टेकाडावर, चार. अन् फसली तं जाग्यावरच चाक फिरन, डिझेल जाईन अन् गाडी तिथंच. त्याचं काढा आता अ‍ॅव्हरेज."

पलीकडं टायरची हवा पाहणारा संघपाल हसला. हा दुसरा ड्रायव्हर, कामठीचा. "ताई, याच्या घरी सयपाक बी असाच राहते. खानारे दोघं अन् भात चौघांचा."

"तं तू येत जा ना बे जेवाले. उरलेला भात वाया तं नाही जाईन."

हुडकेश्वरच्या पुढं, जिथं प्लॉट पडले पण घरं अजून उठली नाहीत, तिथं धरमपेठच्या अभिजीतनं पत्र्याची शेड टाकली होती. थंडी पडली की त्याच्या तीन जीपगाड्या नागपूरची हौशी माणसं घेऊन जैसलमेरच्या पलीकडच्या वाळूत जायच्या. चारही चाकांना जोर लागणाऱ्या गाड्या. शेवटचा पंप सुटला की तीन दिवस पंप नाही, सडक नाही. जे नेलं त्यातच जायचं अन् त्यातच बाहेर निघायचं. यंदा आखणीचं काम अभिजीतच्या धाकट्या बहिणीनं, काजलनं, अंगावर घेतलं होतं. पोरगी डोक्याची होती. वाळूचं धरलं, एसीचं धरलं, पुढची वाट बंद निघाली तर उलटं यायचं तेही धरलं. भरलेल्या कॅनच्या वजनानं गाडी जास्त पिते, हे तर तिला सांगावंही लागलं नाही. अंकुश गाडीखालून निघाला, आकडा ऐकला, हात पुसले अन् म्हणाला, "बरोबर हाय."

त्याचं बरोबर हाय म्हणजे बरोबरच. पण तो मनातल्या मनात त्यात एक कॅन वाढवत होता, अन् ती तो शेडमधल्या कोणालाच सांगत नव्हता.

ही खोड जुनी. अंकुश उमरेडचा, कोष्ट्याच्या घरचा. त्याची माय कांताबाई मागावर बसायची तेव्हा सुताच्या चार कांड्या जोंधळ्याच्या डब्यात लपवून ठेवायची. नवऱ्याला दिसल्या तर तो सैल हातानं विणून मोकळा होईल अन् शेवटचं हातभर कापड अडेल, हे तिला ठाऊक होतं. पुढं मागाचा धंदा बसला. पोरगा ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, मग ड्रायव्हर झाला. रायपूरची लाइन केली, मग टुरिस्ट गाड्या. मायची कांडी त्याला तेव्हा आठवली नाही. ती आठवली भैयाजी गेल्यावर.

भैयाजी त्याचा जोडीदार ड्रायव्हर. तेव्हा हे दोघं दुसऱ्या एका मालकाकडं होते. हीच वाळू. डिझेल मोजून नेलं होतं अन् वर जादा पिंप होतं. पिंप आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तिथंच घात झाला. पाहुण्यांनी थंडीचं रात्रभर गाडी चालू ठेवून हीटर लावला. एकाच धोऱ्यावर फोटोसाठी सात वेळा गाडी चढवली. कोणी बोललं तर उत्तर तयार, पिंप आहे ना. मालकही तेच म्हणाला, अन् अंकुशही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी पिंप रिकामं झालं अन् भैयाजीच्या छातीत कळ आली. तिन्ही गाड्यांतलं नळीनं ओढून एका गाडीत टाकलं अन् अंकुश त्याला घेऊन सुटला. डांबरी सडक दिसत होती, सडकेवरचा एक ट्रकही दिसत होता, तिथं गाडी खोकली अन् बंद पडली. अंकुश ओरडत पळाला. ट्रक थांबला नाही. वापस आला तर भैयाजीचे डोळे उघडे होते अन् तो नव्हता.

तेव्हापासून अंकुश एक कॅन मोजणीबाहेर नेतो. पदरचं डिझेल. मागच्या सीटखाली, गोधडीत गुंडाळलेली, वर चार बोटं रिकामी, कारण उन्हानं डिझेल फुगते अन् गच्च भरलेली कॅन पाझरते. मालकाला माहीत नाही, पाहुण्यांना नाही, संघपाललाही नाही. बायको सरितेला तेवढं माहीत. ती म्हणायची, "कोनी पाह्यलं तं चोर म्हनतीन तुमाले." तो म्हणायचा, "पाहीन कोन वं?"

पाहिलं काजलताईनं. निघायच्या आदल्या दिवशी ती अंथरुणं स्वतः लावत होती. सीट उचलली, गोधडी ओढली, अन् गोधडी हालेना.

"काका, ही कॅन कोणती? आपल्या मोजणीत नाही."

अंकुश बाजूच्या गाडीला पट्टे आवळत होता. त्याचा हात थांबला.

ड्रायव्हर अन् डिझेल म्हटलं की मालकाच्या डोक्यात पहिले नळी येते. टाकीत नळी घालायची, तोंडानं ओढायचं, अन् कॅन बाजूला. या धंद्यात दुसरा बट्टा लागला तर पुसता येतो, हा पुसत नाही. काजलनं भावाला हाक मारली. अभिजीत फोनवर बोलत आला, कॅन पाहिली, फोन खिशात टाकला.

"अंकुशभाऊ, हे तुमचं?"

"माहं हाय."

"कुठून आलं?"

"पंपावरून. माह्या पैशाचं."

"पावती आहे?"

"पावती कायची घेऊ? लपवाचंच होतं ना."

संघपाल हसायला गेला अन् मधेच गप झाला.

"अन् वापस आल्यावर हे डिझेल कुठं जाते?"

"मेव्हण्याच्या ट्रॅक्टरले देतो."

असं उत्तर चोरही देतो. तोंडातून निघाल्यावर अंकुशलाही ते कळलं. अभिजीतनं मान फिरवली. रागावला असता तर बरं होतं, पण तो शरमला होता. "आठ वर्षं झाली, भाऊ," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं मानलं असतं मी."

संघपाल सरकत जवळ आला. "म्हन ना, मोजाले इसरलो," तो हळूच बोलला. "काय होते? सुटशीन."

सुटला असता. पण विसरलेली कॅन मग मोजणीत जाते. अन् खरं सांगितलं तरी ती मोजणीतच जाते. गप राहिलं तर माणूस चोर. कांताबाईच्या कांड्या कोणी पाहिल्या असत्या तर तिनं काय सांगितलं असतं, कोणास ठाऊक. अंकुशनं कपाळ पुसलं, कपाळाला काळं लागलं, अन् त्यानं सांगितलं. भैयाजीचं सांगितलं, पिंपाचं सांगितलं, त्या सडकेचं सांगितलं. फार बोलला नाही.

"शिल्लक हाय म्हनून समजलं, का मानूस ते खर्चून टाकते. मी बी खर्चलं होतं. म्हनून सांगत नवतो."

पत्र्यावर कबुतरं फडफडली. अभिजीत म्हणाला, "सांगायचं होतं ना, भाऊ."

काजलचे डोळे पाणावले होते, पण डोकं तिचं चालूच होतं. हलकं वाटावं म्हणूनच ती बोलली असेल. "म्हणजे दादा, आपल्याजवळ वीस लिटर जास्तच आहे. मग खाऱ्या तळ्याचा तो फेरा बसतो. पाहुणे सारखे मागून राहिले. कमी पडत होतं म्हणूनच काढला होता."

अंकुश तिच्याकडं पाहतच राहिला. सांगून पुरता श्वास घेतला नव्हता अन् कॅन सरली होती.

"पाह्यलं?" तो म्हणाला. काजलला कळलं. ती लाल झाली.

"फेरा असन तं माही गाडी जाईन, मी नाही जाईन," अंकुश म्हणाला. "ड्रायव्हर दुसरा पाहा. चोर म्हनून काढलं असं सांगा लोकायले, चालते मले. पन ते डिझेल मोजाचं नाही."

"अंकुशभाऊ, धमकी देऊन राहिले का?"

"धमकी कायची, बाप्पा? पोट हाय मले बी. सांगून राहिलो फक्त."

अभिजीत शेडच्या दारापर्यंत गेला, बाहेरच्या रिकाम्या प्लॉटांकडं पाहत उभा राहिला, वापस आला. "फेरा नाही होणार. काजल, ती कॅन आहे तिथं ठेव अन् पाहुण्यांना बोलू नको." मग अंकुशकडं न पाहता, "पण एक करू. टाक्यांच्या झाकणांच्या चाव्या आतापासून काजलजवळ राहतील. तुमच्यावर भरोसा नाही असं नाही. पण उद्या कोणी विचारलं तर मला उत्तर पाहिजे."

त्या तीन चाव्या आठ वर्षं अंकुशच्या कमरेला होत्या, करदोड्याला गाठ मारून. अंकुशनं शर्ट वर केला. गाठ घामानं घट्ट झालेली, सुटेना. संघपाल पुढं झाला. "राहू दे बे," अंकुश म्हणाला अन् दातानं तोडायला तोंड पोचत नाही म्हणून पान्यांच्या पेटीतलं पातं घेऊन दोरा कापला. चाव्या काजलच्या हातावर ठेवल्या. तिला त्या कुठं ठेवाव्या कळेना, तिनं मुठीतच धरल्या.

"काका, मी तसं..."

"ऱ्हाऊ द्या ताई. पाहुण्यायचं अंथरून लावा. रात्री थंडी लई राहते तिकडं."

कॅन त्यानं पुन्हा गोधडीत गुंडाळली अन् सीट दाबून बसवली. मग कोपऱ्यातलं नरसाळं काढलं, झटकलं, त्यात सुती फडकं बसवलं. टाक्यांमधलं जुनं डिझेल काढून गाळून घ्यायचं राहिलं होतं, अन् ऊन शेडच्या दारातून सरकत आत आलं होतं. नरसाळं घेऊन तो पहिल्या गाडीशी गेला, झाकणाला हात लावला अन् वळला.

"ताई, चावी द्या जरा."

काजलनं मूठ उघडली. त्यानं झाकण उघडलं, चावी लगेच तिला वापस दिली, अन् वाकून टाकीत नळी सोडली.