करुणाची चौदा गाणी

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. बहिणीला नाही, मिस्टरांना तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमतंय — की तुम्ही मला उलटून काही विचारणार नाही, म्हणून? दुसरंच खरं असावं.

माझं नाव मीना. तेलगावच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी औषधं देते. खिडकीच्या आतली बाई. करुणा तिथं नर्स आहे. आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच डब्यात जेवलो. ती लसीकरणाला वस्त्या-वस्त्यांवर जायची. लेकरांना सुई टोचून झाली की त्यांच्या आज्यांपाशी बसायची आणि त्यांना गायला लावायची. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, जयंतीची गाणी, हळदीची गाणी. सगळं मोबाइलवर घ्यायची. त्यातल्या सोनाबाईवर तिचा फार जीव. ऊस तोडून बोटं वाकडी झालेली ती म्हातारी गायला लागली की लस घेऊन झालेल्या बाया घरी जायचं विसरायच्या.

आणि करुणा स्वतःही गायची. तिचा भाऊ आनंद पुण्याला शिकताना गिटार वाजवायला शिकला होता. सुट्टीत आला की दोघं घरातला पंखा बंद करून, दारं लावून, घामाघूम होऊन गाणी रेकॉर्ड करायची.

तर — सहा वर्षं झाली. एका बुधवारी तिनं मला पेनड्राइव्ह दिला. चौदा गाणी. नऊ म्हाताऱ्यांची, पाच तिची, गिटारवर. सोबत वहीचा एक कागद, त्यावर तिच्या गोल अक्षरात यादी. वर लिहिलेलं, "मीनासाठी. क्रम मोडू नको." आणि अकराव्या गाण्यापुढं — "हे नवं. कुणालाच ऐकवलं न्हाई अजून."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं, आणि त्याचं काय केलं तेच सांगायचंय.

अंबाजोगाईला लोकगीतांचा एक कार्यक्रम होणार होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत गाणी पाठवायची होती. "तू ऐक आन् खरं सांग," करुणा म्हणाली. "तू हो म्हणलीस तरच पाठवते." माझ्यावर इतका विश्वास का? मी लग्नाआधी सात वर्षं गाणं शिकले होते. नंतर पेटीवर कपड्यांच्या घड्या आल्या. ते कुणी केलं नाही, आपोआप झालं. पण कान राहिला होता, आणि करुणाला तो माहीत होता.

बुधवारी घरी येताना गाडीत पाच गाणी ऐकली. काय सांगू — सोनाबाईच्या गाण्याला मी गाडीचा वेग कमी केला, घर लवकर येऊ नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी मिस्टर दाढी करताना काहीतरी गुणगुणत होते. चाल अनोळखी, गोड. शब्द दोनच ओळींचे, पुन्हा पुन्हा —

पाण्याला गेले बाई, घागर आली उणी,
वाटेत भेटलं कोण, सांगू नये कुणी.

मी हसले. म्हटलं, आज स्वारी खुशीत आहे. मग दवाखान्याला निघाले, गाडीत उरलेली गाणी लावली. सहावं, सातवं... अकरावं लागलं. करुणाचा आवाज. पाण्याला गेले बाई.

मी गाडी कडेला घेतली. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला. पर्समधून कागद काढला, पुन्हा वाचला. कुणालाच ऐकवलं न्हाई अजून. मग माझ्या नवऱ्याच्या तोंडात कसं आलं? आणि सांगू नये कुणी — काय सांगू नये?

संशय असा एकदा आला ना, की तो रिकाम्या हातानं बसत नाही. मला जुनं सगळं आठवायला लागलं. एकदा करुणा म्हणाली होती, "तुझ्या मिस्टरांना गाण्यातलं कळतं बरं का." कधी? कुणाशी बोलून कळलं तिला? ती घरी आली की हे दुकानातून लवकर का येत? येत होते का खरंच, की मला आता तसं वाटत होतं? त्या दिवशी ते जेवायला बसल्यावर मी त्यांचा मोबाइल उघडला. त्या आठवड्यात करुणाचे दोन फोन होते. सासूबाईंच्या इन्सुलिनचं नर्स म्हणून तीच बघायची, फोन त्याचेच असायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी मिनिटं बघितली. एक फोन चार मिनिटांचा. इन्सुलिनला चार मिनिटं लागतात?

विचारलं का नाही मी सरळ? नवऱ्याला, नाहीतर तिला? खरं उत्तर देते. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मला ते नको होतं.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी स्वतःशीही उशिरा बोलले. करुणा बौद्ध समाजातली, आमचं घर जमीनदार पाटलाचं. ती आमच्याकडं यायची, चहा घ्यायची, तिच्यासाठी कप वेगळा नव्हता — हे मी माहेरी अभिमानानं सांगायचे. कप वेगळा नाही याचा अभिमान वाटतो म्हणजे काय, ते तेव्हा कळत नव्हतं. दवाखान्यात आम्ही सात-आठ बायका. दुसरी कुणी असती, आमच्या सोयऱ्याधायऱ्यातली, तर माझं मन एवढ्या सहज तिकडं धावलं असतं? मला नाही वाटत. मी ते पुष्कळदा तपासलंय.

शनिवारी दुपारी ओपीडी संपली. लसीच्या फ्रिजपाशी करुणा तापमान लिहीत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ऐकलीस का?"

"ऐकली," मी म्हणाले.

"मग?"

मला चांगलं आठवतं, मी आवाज अगदी मऊ ठेवला होता. जवळची मैत्रीण ठेवते तसा. "रागवू नको," मी म्हणाले, "पण तुझा आवाज वर गेला की फाटतो गं. आन् जात्यावरच्या गाण्याला गिटार म्हणजे... लोक हसतील. तुमच्या वस्तीत चालतंय हे. स्टेजवर न्हाई."

तुमच्या वस्तीत. पंधरा वर्षांत मी तिच्याशी बोलताना 'तुमच्या' हा शब्द कधी वापरला नव्हता. तो कुठं ठेवलेला होता माझ्यात? शोधावा लागला नाही. हाताशीच होता.

तिनं फ्रिजच्या काट्यावरचा आकडा लिहून पूर्ण केला. मग पेनाचं टोपण लावलं. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "न्हाईतर हसू झालं असतं."

मी घरी आले आणि पोटभर जेवले. हेही सांगून टाकते.

रविवारी सकाळी नाष्ट्याला मिस्टर पुन्हा तेच गुणगुणायला लागले. या वेळी मी विचारलं. कालचं काम झालं होतं ना, आता विचारायला धीर आला होता. "कुठं ऐकलंत हे?"

"कुठं म्हंजे?" ते पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "गाडीत. गुरुवारी माजलगावला गेलतो ना मी, पेनड्राइव्ह लावलेलाच होता. जाता-येता ऐकलं सगळं. कोण गं ती बाई? लई भारी गाती."

गुरुवारी. गाडी ते घेऊन गेले होते. आणि त्या दिवशी मी दवाखान्यात कशी गेले होते? करुणाच्या स्कुटीवर, तिच्या मागं, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

इथंपर्यंत तुम्ही मला कदाचित माफ करत आला असाल. बाई चुकली, संशय आला, होतं असं. करू नका. कारण मी जे लपवलंय ते शनिवारचं नाही. ते रविवारचं आहे.

रविवारी सकाळी नऊ वाजता मला सगळं कळलं होतं. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपत होती. मोबाइल माझ्या हातात होता. "करुणा, मी खोटं बोलले, गाणी पाठव" — एवढंच म्हणायचं होतं. कारणही द्यायची गरज नव्हती. मी रविवारभर घर झाडलं. सोमवारी तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तिला माझ्यातली शेंगाची चटणी दिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजलेले मी बघितले. तिनंही बघितले. आणि मला — हे लिहायला हात धजत नाही — मला हलकं वाटलं.

का? मी एवढंच सांगू शकते, की ती गाणार नव्हती आणि मीही गात नव्हते, आणि आता आम्ही सारख्या होतो.

त्यानंतर करुणानं गाणी घेणं बंद केलं. लसी देऊन सरळ परत यायची. मी एकदा विचारलं, हो, मीच विचारलं, "का गं, सोनाबाईकडं जात न्हाईस?" म्हणाली, "कावून जाऊ? काय करायचंय त्या गाण्यांचं?" सहा वर्षं मी तिच्या तोंडाकडं बघत आलेय. हिला कळलं असेल का? ती चटणी घेताना कधी थांबते, कधी माझ्याकडं जास्त वेळ बघते. ती बाई कोण हे मिस्टरांना नंतर कळलंच, त्यांनी एखाद्या फोनवर सहज सांगितलं असेल का, गाडीत तुमची गाणी ऐकली, लई भारी म्हणून? की तिचं मन साफ आहे आणि ही माझीच जुनी खोड, आता उलटी फिरलेली? मला ठरवता येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर सोनाबाई गेली. तिचा मुलगा, पन्नाशीचा माणूस, दवाखान्यात आला. "सिस्टर, आईचं गाणं तुमच्याकडं होतं म्हणं," तो करुणाला म्हणाला. "लेकीला ऐकवायचंय." करुणाचा तो मोबाइल केव्हाच मोडला होता, आनंदचा लॅपटॉपही. ती माझ्या खिडकीशी आली. "तुझ्याकडं असंल ना गं तो पेनड्राइव्ह?"

"न्हाई," मी म्हणाले. "हरवला कधीचा."

तो माझ्या पर्समध्ये होता. तिच्यापासून दोन हातांवर. त्यात सोनाबाईबरोबर करुणाही होती, आणि करुणानं स्वतःला ऐकलं असतं.

तो माणूस हात जोडून गेला. पुढच्या महिन्यात बीपीच्या गोळ्यांना पुन्हा आला, पुन्हा विचारलं, "सापडलं का काही?" दर महिन्याला यायचा. चौथ्या वेळी मी पेनड्राइव्ह करुणाच्या हातात दिला. "ड्रॉवर आवरताना सापडला," म्हणाले. म्हणजे देतानाही खोटंच.

तिनं तो दवाखान्याच्या कॉम्प्युटरला लावला. सोनाबाईचं गाणं त्या माणसाच्या मोबाइलवर घालून दिलं. तो ऐकत ऐकतच फाटकाबाहेर गेला. करुणा उठली नाही. कानाला वायर लावून बसली. अकरावं चालू होतं, पडद्यावर आकडा दिसत होता. गाणं संपलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग वायर काढली. "चांगलं गायलेय की गं मी," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. पेनड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळला, ॲप्रनच्या खिशात टाकला आणि वॉर्डात निघून गेली.

गेल्या शनिवारची गोष्ट आहे ही. सोमवारी ती माझ्याकडं डबा घेऊन आली नाही, वॉर्डातच जेवली. मंगळवारीही नाही.