बनाबाईच्या पायाची माती

पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा बनाबाई वायदंडे रडली नाही की घाबरली नाही. तिनं डोळे बारीक केले आणि एवढंच विचारलं, "कापल्यावर पाय ठेवणार कुठं?"

मिरजेच्या त्या दवाखान्यात साखरेपायी कुणाचा ना कुणाचा पाय जातच असतो, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठेवत नाही आजी. जाळून टाकतात."

"मंग ऱ्हाऊ द्या," बनाबाई म्हणाली. काळ्या पडलेल्या अंगठ्यावरचं फडकं सारखं केलं आणि लंगडत चालू लागली. मागून तिचा मुलगा विश्वजित, हातात फाइल घेऊन.

बाई हट्टी, हे साऱ्या सांगलीला ठाऊक नसेल, पण गल्लीला पक्कं ठाऊक आहे. जन्म हळदीच्या पेठेत हळकुंडं निवडण्यात गेला, तळहाताच्या रेषा अजून पिवळ्या आहेत. चर्चमध्ये गाते ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, आणि पेटीवाल्यानं सूर खाली आणला तर त्याच्याकडं असं बघते की तो बिचारा मुकाट्यानं परत वर जातो. पण पायाचं हे खूळ नुसत्या हट्टातनं आलेलं नव्हतं. त्याच्यामागं महादेव होता.

महादेव म्हणजे तिचा नवरा. घराणं दोन पिढ्यांचं ख्रिस्ती, तरी आजीनं हौसेनं नाव महादेव ठेवलेलं. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत महादेव काय, खंडू काय, अशी नावं असतातच, त्यात नवल नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हा गडी साताऱ्याकडं बहिणीला बघायला गेला आणि तिथंच तापानं पडला. घरच्यांना आत सोडत नव्हते. तो गेला तेव्हा प्लास्टिकचे पोशाख घातलेल्या माणसांनी कागदावरचं नाव वाचलं, महादेव, आणि अग्नी दिला. कुणीतरी चांगल्या मनानं राखही कृष्णेत सोडली. त्यांना तरी काय दोष द्यायचा? आपल्या माणसाचं करावं तसं केलं त्यांनी सगळं. पण बनाबाईच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

तिचा विश्वास अगदी साधा. शेवटच्या दिवशी तुतारी वाजणार, कबरी उघडणार, माणसं हातापायांसकट उठणार. तीही उठणार, पदर सारखा करणार आणि शेजारी बघणार. शेजारी महादेव नसला तर काय करायचं? चर्चच्या पाळकसाहेबांनी किती वेळा समजावलं, ज्यानं मातीतनं माणूस घडवला त्याला राखेतनं घडवायला काय अवघड. ती मान डोलवायची, पण आत काही ते उतरायचं नाही. ईस्टर जवळ आला की मंडळी कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींना चुना मारतात. बनाबाईला चुना मारायला कबरच नाही. मग ती बादली घेऊन दुसऱ्यांच्या कबरी रंगवत बसायची, आणि कुणी 'राहू द्या मावशी' म्हटलं की त्याच्यावर खेकसायची.

"एक माणूस गेलं जळून," ती घरी येऊन विश्वजितला म्हणाली. "आता मी लंगडी उठू व्हय?"

अंगठ्याचं काळं पावलावर चढत चाललं होतं. विश्वजित कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, बोलतो कमी. त्यानं रजा टाकली आणि पळापळ सुरू केली. पाय घरी न्यायची परवानगी दवाखान्यानं दिली. पाळकसाहेबांनी कबरस्तानात कुंपणाकडेची जागा दाखवली, खड्डाही खणून झाला. वर्कशॉपमधल्या मित्रानं पॅकिंगच्या फळ्यांची छोटी पेटी ठोकली. बनाबाईनं ती पेटी पायाला लावून बघितली.

"टाचंला कमी पडतीया," ती म्हणाली. पेटी परत गेली, मोठी होऊन आली, तेव्हा कुठं बाई दवाखान्यात भरती झाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी शेजारची त्रिशला भेटायला आली. त्रिशला जैनांची. दोघींची वर्षानुवर्षांची मैत्री, भांडणंही तेवढीच जुनी. खाटेखालची पेटी तिनं वाकून नीट बघितली.

"बनाक्का, एक इचारू? रागवायचं न्हाई."

"इचार की."

"पाय पुरला म्हंजे तुमच्या देवाला तो घावणार. जाळला तर घावणार न्हाई. आसंच न्हवं?"

"व्हय."

"मंग आमच्या महादेवदाजींचं काय?"

त्रिशलाच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिच्या लेखी देह म्हणजे मागं टाकायची वस्तू, त्यामुळं तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं. पण बनाबाईची नजर खाटेखालच्या पेटीवर गेली. इतकी वर्षं ती स्वतःला बजावत आली होती की महादेव उठणार. आणि आता ही पेटी करवून, तो खड्डा खणवून, तो उठणार नाही असंच ती गावभर सांगून बसली होती. तिला स्वतःची फार लाज वाटली. डोळे भरून आले. तिनं ते पुसले, आणि मग एकदम तिला हसू फुटलं.

"विशू," तिनं हाक मारली. "पाय जाळायचा."

विश्वजितनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, पेटी दोनदा केली."

"पेटीत कांदं ठिव. पाय जाळायचा आन् राख कृष्णेत सोडायची. नदी साताऱ्याकडनंच हिकडं येती न्हवं?"

"आवं, पर बनाक्का, उठताना पायच घावला न्हाई तर?" आता त्रिशलालाच काळजी लागली.

"घावणार की. मी काय गप बसणार हाय? तुतारी वाजली की सांगणार, देवा, मी उठलीया, पर माझा एक पाय नदीत हाय. मंग त्याला नदीत उतरावंच लागंल. आन् एकदा उतरल्यावर आमच्या मालकांना तिथं ठिवून माझा पाय तेवढा घिऊन येतोय व्हय तो?"

स्ट्रेचर न्यायला आलेला वॉर्डबॉयसुद्धा हसला. आत जाताना बनाबाई वरच्या पट्टीत गात गेली.

ऑपरेशन नीट पार पडलं. विश्वजित तो पाय घेऊन स्मशानात गेला. तिथल्या माणसानं नेहमीसारखं विचारलं, "कुणाची माती?" आपल्याकडं जाळा नाहीतर पुरा, म्हणायचं मातीच.

"आईच्या पायाची," विश्वजित म्हणाला.

"आन् आई?"

"दवाखान्यात हाय. शिरा मागतीया."

माती आहे म्हटल्यावर अर्धी गल्ली सवयीनं आलीच होती. पायासाठी काय प्रार्थना म्हणायची हे पाळकसाहेबांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, महादेवचं नाव घेतलं, बनाबाईचं घेतलं, आणि हसू आवरेना म्हणून पटकन आमेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी माती सावडून विश्वजितनं राख कृष्णेत सोडली.

पुढच्या ईस्टरपर्यंत बनाबाईला नकली पाय बसला. पहाटेची उपासना आटोपली, कबरस्तानात सगळ्यांशी हातात हात देऊन झालं, आणि ती विश्वजितला म्हणाली, "चल, आता आपल्याकडं जाऊ." एका हातात काठी, दुसऱ्या हातात झेंडूची पिशवी. चुन्याची बादली विश्वजितकडं. मागून त्रिशला, उगाच सोबतीला.

घाटावर पाण्यालगतच्या एका दगडावर ती बसली. त्याला चारी बाजूंनी नीट चुना मारला, वर फुलं मांडली, उरलेली पाण्यात सोडली.

"आई, पाणी चढलं की चुना धुऊन जाईल," विश्वजित म्हणाला.

"जाऊ दे की. फुडल्या वर्षी परत मारू." तिनं पिवळ्या रेषांचा तळवा पाण्यात बुडवला आणि नदीकडं बघत, घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "आवं, ऐकलं का? एक पाय पाठवलाय फुडं. बाकीची येते मी सावकाश. हाय तिथंच ऱ्हावा."