वाडीची शतावरी

वैशाखातल्या एका सकाळी मोरीजवळच्या वाफ्यात मातीला भेग पडलेली दिसली. भेगेतून बोटाएवढा जाड, जांभळट टोकाचा एक कोंब वर आला होता. शेजारी आणखी दोन-तीन माती उचलत होते. मी खाली बसले. आनंद झाला, पण त्याहून जास्त धडधड झाली. हा वाफा राहणार की जाणार, ते या कोंबांवरच ठरायचं होतं.

मुळं मी चिखले गावातल्या चिकूच्या वाडीतून आणली होती. तिथं मी चिकू वेचायला आणि झाडलोट करायला जाते. मालकीणबाईंनी जुना वाफा मोडला तेव्हा उरलेली मुळं मला दिली. त्या त्याला अ‍ॅस्परॅगस म्हणतात. माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही, म्हणून घरी आम्ही वाडीची शतावरी म्हणतो. पालाही रानातल्या शतावरीसारखाच बारीक, फक्त काटे नाहीत. बाईंनी बजावलं होतं, पहिली दोन वर्षं एकही कोंब तोडायचा नाही, सगळ्यांचा पाला होऊ द्यायचा, तरच मुळं जोर धरतात. मी तसंच केलं. खोल चर काढून तळाशी शेणखत घातलं, ओढ्याची वाळू मिसळली, भांडी घासलेलं पाणी तिकडे वळवलं.

दोन वर्षं नुसता पाला बघून जाऊ हसायची. म्हणायची, "भाजी होईल तेव्हा होईल, झाडू तर आताच बांधता येईल." नवरा हसायचा नाही. पाणी पोचतं अशी आमच्या घराजवळ तेवढीच जागा आहे आणि त्याला तिथं मोगरा लावायचा होता. आमच्याकडे तलासरीच्या बाजूला आता बरेच जण मोगरा लावतात. त्यानं आवाज न चढवता सांगून ठेवलं होतं, या वर्षी ताटात काही आलं तर राहू दे, नाहीतर पावसाच्या तोंडावर मी खणून काढणार. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आणि असतं तरी मला कुणासमोर पटकन बोलता येत नाही.

त्या सकाळी मी विळा घेऊन वाकले, तोच मागून सासूचा आवाज आला.

"थांब बाय. देवाला दिलंस काय?"

रानातली नवी भाजी आमच्यात कुणी आधी खात नाही. पाऊस पडून कोळीची रानभाजी वर आली की पाड्यातली जाणती माणसं दिवस ठरवतात. पहिली पानं गावदेवाला दाखवतात, मग ती घरोघरी शिजते. त्याआधी खाल्लं तर घरात आजारपण शिरतं असं सासू मानते. मीही मानते. मी हळूच म्हटलं, ही रानातली नाही, मी लावलेली आहे, वांग्यासारखी. वांगी आपण न विचारताच तोडतो.

सासू वाफ्याशी बसली. कोंबाला हात न लावता तिनं तो सगळ्या बाजूंनी बघितला.

"वांगं फांदीला लागतं," ती म्हणाली. "हे जमीन फोडून आपलं आपण आलंय. हे देवाचं."

मी विळा परत खोचून ठेवला.

कोंब काही थांबत नाहीत. दोन दिवसांत ते गुडघ्याएवढे झाले, टोकं उलगडली, आणि त्यांचा पुन्हा पाला झाला. मागून येणाऱ्यांचंही तेच. मी रोज उभी राहून बघायची. तोडले तर सासूचं मन मोडायचं आणि माझ्याही जिवाला घोर. नाही तोडले तर वाफा जायचा. नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "देवाचं देव बघेल. माझी रोपं यायची आहेत."

रोपं आली. काळ्या पिशव्यांतली मोगऱ्याची रोपं त्यानं ओटीवर ओळीनं मांडली आणि कुदळ घेऊन तो मोरीकडे निघाला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनीच बाहेर गेले आणि वाफ्याच्या कडेला उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"आई म्हणते, हे देवाचं आहे," मी म्हटलं. "देवाच्या आधी खायचं नाही, तर देवाच्या आधी खणायचं कसं?"

त्यानं आईकडे बघितलं. सासू दारात चिंच फोडत बसली होती. तिनं हातातली चिंच खाली ठेवली. मला वाटलं, उलट तोंड केलं म्हणून आता मलाच ऐकावं लागणार.

"बरोबर बोलते ती," सासू म्हणाली. "देवाचा दिवस होऊ दे."

"आणि त्या दिवशी कोंबच नसला तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर खण."

त्या शब्दानंतर माझी झोप उडाली. पावसानं वाफ्यात पाणी साचायला लागलं. मुळं कुजतील म्हणून मी बाजूनं पाट काढला. नवे कोंब फुटावेत म्हणून जुना पाला थोडा छाटला, सगळा छाटायचा धीर झाला नाही. दिवस ठरल्याचं आदल्या संध्याकाळी कळलं. सकाळी वाफ्याशी गेले तर वरून काहीच दिसेना. पाला बाजूला सारत गेले, तेव्हा कडेला, पाटाच्या अंगाला, चार कोंब सापडले. एकाला गोगलगाय लागली होती.

गावदेवापाशी कोळीच्या पानांच्या टोपल्यांत माझे ते कोंब ठेवले. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्यानं एक उचलून विचारलं, हे कुणाचं. सगळे माझ्याकडे वळले. वाडीची शतावरी आहे, मी लावली, एवढंच मी सांगू शकले. त्यानं तो उलटापालटा केला.

"शिजून मऊ होते ना? मला दात नाहीत, देवाला आहेत."

लोक हसले, आणि कोंब पानांबरोबर देवापुढे गेले.

एक देवापाशीच राहिला. उरलेले घरी आणून लसूण, मिरची आणि वरोरच्या किनाऱ्यावरची सुकट घालून परतले. प्रत्येकाच्या ताटात जेमतेम घासभर आलं. चव मटारच्या शेंगेच्या जवळची, पण शेवटी किंचित कडवट. सासूनं डोळे मिटून खाल्लं. जाऊ म्हणाली, सुकट चांगली आहे. नवरा चावत राहिला, चावत राहिला, आणि मी त्याच्या तोंडाकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

"एवढीच?" त्यानं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात अजून येतील."

त्यानं ताट धुतलं, कुदळ घेतली आणि मोरीकडे न वळता तो घराच्या मागे गेला. तिथं सगळा मुरूम आहे. मोगऱ्याचे खड्डे खणताना कुदळ दगडावर वाजत होती. आवाज बराच वेळ येत राहिला, तेव्हा मी तांब्याभर पाणी घेऊन तिकडे गेले.